परदेशी रस्ता, गोव्याची सवय: गाडी चालवण्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न

फोंड्यात कुणी व्हिएतनाम किंवा बालीचं तिकीट काढलं की आठवड्याभरात मला फोन येतो. गेल्या काही वर्षांत हनोई, दा नांग, बाली, चियांग माई आणि काठमांडू इथे मी दुचाकी चालवली, एवढंच माझं भांडवल. प्रश्न तेच तेच येतात आणि फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. क्रम जसा आठवला तसा आहे.

गोव्यात वीस वर्षं स्कूटर चालवतोय. तिथे वेगळं काय असणार?

हा प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतोच. विचारणाऱ्याला मी "काही नाही रे, जा बिनधास्त" म्हणायला हवा असतो.

आपले हात तयार असतात, ते खरंच. सोळाव्या वर्षापासून आपण दुचाकीवर आहोत. पावसात, चिखलात, मागे सिलिंडर आणि पुढे पोर घेऊन चालवलेली असते. पण गोव्याच्या गर्दीत आपण गाडी चालवतो ती बरीचशी ओळखीवर. तिस्कावर बस कुठे थांबणार, कुर्टीच्या वळणावर गुरं कुठे बसलेली असतात, समोरचा म्हातारा इंडिकेटर न देता कुठल्या गल्लीत घुसणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. रस्ता पाठ असतो, म्हणून आपण हुशार वाटतो. हनोईत ही पाठ केलेली कविता उपयोगाची नाही. तिथल्या गोंधळालाही स्वतःचं व्याकरण आहे आणि ते आपल्याला येत नसतं.

म्हणून माझा एकच हट्ट असतो: पहिले दोन दिवस गाडी भाड्याने घेऊ नका. चौकातल्या कॉफीच्या दुकानाबाहेर त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसा आणि तासभर नुसतं बघा. कोण कुणाला वाट देतं, डावीकडे वळणारा कधी वळायला लागतो, हॉर्न कोण वाजवतो आणि कशासाठी. त्या तासाभरात जे कळतं ते व्हिडिओ पाहून कळत नाही, कारण व्हिडिओवाला तुम्हाला नेहमी तमाशाच दाखवतो.

ते व्याकरण म्हणजे नेमकं काय?

व्हिएतनामचंच सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यालाच. त्या देशात नोंदलेल्या दुचाक्या सात कोटींच्या वर आहेत. हनोईच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी पाचला उभं राहिलं की रस्ता दिसत नाही, नुसती हेल्मेटं दिसतात.

पहिला नियम: पुढचं ते तुमचं, मागचं ते मागच्याचं. तुमच्या पुढच्या चाकाच्या पुढे जे जे आहे त्याला सांभाळायची जबाबदारी तुमची. बाजूच्या गल्लीतून स्कूटर येते तेव्हा चालवणारी बाई उजवी-डावीकडे बघतही नाही, सरळ प्रवाहात शिरते. ती बेफिकीर नसते. तुम्ही तिच्या मागे आहात आणि तुम्ही तिला पाहिलेलं आहे, असं ती धरून चालते. आपल्याकडे अशी कोणी शिरली तर आपण हॉर्न दाबून धरतो आणि वर दोन शब्द बोलतो. तिथे सगळे जरा वेग कमी करतात, जरा सरकतात, आणि पुढे जातात. राग येतच नाही कुणाला, कारण चूक झालेलीच नसते.

दुसरा नियम पहिल्यातूनच निघतो: अचानक काही करायचं नाही. अचानक ब्रेक नाही, अचानक वळण नाही, अचानक थांबणं तर नाहीच. मागचे सगळे तुमच्या आत्ताच्या वेगावर आणि दिशेवर हिशेब करून चाललेले असतात. आपली एक खास गोंयकार सवय इथे घात करते. समोरून ओळखीचा आला की आपण रस्त्याच्या मधोमध स्कूटर थांबवून "कितें रे, खंय वता?" सुरू करतो. हनोईत आमच्यातल्या एकाने फळवाली दिसली म्हणून असाच ब्रेक मारला. मागच्या तीन गाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी पाण्यासारख्या वळल्या, चौथीचा आरसा त्याच्या कोपराला घासून गेला. त्याचं नशीब.

तिसरा: वजनाला मान. बस आणि ट्रक पायरीवर सगळ्यात वर, मग कार, मग आपण, मग सायकल. ट्रकने मागून लांब हॉर्न दिला की तो विनंती करत नसतो. बाजूला व्हा.

वेग मात्र तुम्हाला वाटतो त्याहून फार कमी असतो, ताशी वीस-पंचवीस. त्यामुळे कौशल्य लागतं ते हळू चालवण्याचं. पाय न टेकता माणसाच्या चालीने गाडी चालवता येते का, ते इथेच बघून घ्या. फर्मागुढीच्या पठारावर मोकळी जागा शोधून आठचा आकडा काढत फिरा, किंवा महिनाभर सकाळी दहा वाजता मुद्दाम मासळी बाजाराच्या रस्त्याने जा.

हॉर्न वाजवायचा की नाही?

देशागणिक बदलतं. व्हिएतनाममध्ये हॉर्न म्हणजे "मी आहे हं इथे", आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्यासारखा. छोटा, वारंवार, बिनरागाचा. थायलंडमध्ये हॉर्न हा जवळजवळ अपमान. सिग्नल हिरवा होऊन पाच सेकंद झाली तरी मागचा गप्प बसलेला मी पाहिलाय. काठमांडू खोऱ्यात तर एप्रिल २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे, दंड होतो. तिथली गर्दी आपल्यापेक्षा कमी नाही, पण आवाज कमी आहे. पहिल्या दिवशी माझा अंगठा सारखा त्या बटणावर जात होता. शेवटी मी अंगठा हँडलच्या खालून गुंडाळून धरला.

पायी रस्ता कसा ओलांडायचा? आम्ही गाडी चालवणारच नाही.

हळू, एकाच चालीने, मागे न फिरता. बस्स. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन तुमच्या पुढून किंवा मागून जातात. तुम्ही मध्येच धावलात किंवा दचकून मागे आलात की त्यांचा अंदाज चुकतो.

हनोईत होआन किएम तळ्याच्या काठी आमचे सहा जण पंधरा मिनिटं फुटपाथवर उभे होते. दोन इंजिनियर, एक बँकेतला, सगळे "आता, आता" करत. माझी आत्या म्हार्दोळची, वय अडुसष्ट. तिने पदर खोचला, हात थोडा खाली धरून तळवा गाड्यांकडे केला आणि जत्रेच्या गर्दीतून पालखीपर्यंत वाट काढावी तशी चालू लागली. ना थांबली, ना घाईत गेली. गाड्या तिच्या भोवतीने फाटत गेल्या. पलीकडे पोचून वळून बघते तर आम्ही अजून अलीकडेच. नंतर म्हणाली, "देवळाच्या पटांगणात ढकलाढकली असते, इथे तर कुणी धक्काही दिला नाही."

मात्र हे दुचाकींपुरतं. कार आणि बस तुमच्यासाठी सरकत नाहीत. ती येत असली तर जाऊ द्या.

उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय किती दिवसांत होते?

आधी यादी नीट करून घ्या. थायलंड, बाली, श्रीलंका, नेपाळ इथे आपल्यासारखंच डावीकडून. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस इथे उजवीकडून.

यात एक मौज आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोवा, मकाव आणि मोझांबिकमध्ये डावीच ठेवली, कारण शेजारचे मुलूख डावीकडून चालवत होते. म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलात राहूनही आपल्या आजोबांनी बाजू बदलली नाही. ती बदलायची वेळ आता आपल्यावर येते, तीही सुट्टीत.

सवय पहिल्याच दिवशी झाल्यासारखी वाटते. खरी भीती त्यानंतरची. भर गर्दीत चूक होतच नाही. सगळे जिकडे चाललेत तिकडे आपणही वाहत जातो. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, सकाळी निघताना, आणि कुठेतरी थांबून पुन्हा गाडीवर बसताना. दा नांगहून ह्युएला जाताना आम्ही एका टपरीवर चहाला थांबलो. निघताना रस्ता मोकळा, समोर भाताची शेतं, अगदी आपल्या मडकईच्या खाजनासारखी. मी गाडी सुरू केली आणि मजेत डाव्या कडेने निघालो. दीडशे मीटर गेलो असेन. समोरून एक बाई स्कूटरवर, मागे अंड्यांचे ट्रे कानापर्यंत रचलेले, रबराने बांधलेले. ती शांतपणे थांबली. ओरडली नाही. एक बोट वर करून पलीकडची बाजू दाखवली, जसं मास्तर मुलाला वर्गाबाहेरची जागा दाखवतात. मी पलीकडे गेलो आणि पुढचे दहा किलोमीटर कान गरम होते.

तेव्हापासून मी हँडलच्या मधोमध, किल्लीच्या वर, पांढऱ्या चिकटपट्टीवर उजवीकडे बाण काढतो. बालिश दिसतं, पण प्रत्येक वेळी किल्ली फिरवताना डोळा तिकडे जातोच. वळणाचा हिशेबही उलटा होतो: तिथे उजवं वळण सोपं आणि डावं अवघड, कारण डावीकडे जाताना समोरची वाहतूक कापायची असते. आणि चौकात पहिली नजर डावीकडे, कारण पहिली गाडी तिकडूनच येते.

कार घेतली तर?

वळायच्या वेळी वायपर चालू होणार. पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं, लाजू नका. पेडल आपल्यासारखेच असतात, गिअर मात्र उजव्या हाताने. तुम्ही डावीकडच्या सीटवर बसलेले असता आणि नजरेला उजवीकडच्या बोनेटचा अंदाज नसतो, म्हणून गाडी नकळत उजव्या कडेला सरकते आणि आरसे जातात. शेजारी बसलेल्याने पहिला तास फक्त "उजवीकडे किती जागा आहे" एवढंच बोलत राहावं. शहरात मात्र कार घेऊच नका, असं माझं मत आहे. हनोईत कारवाल्यापेक्षा दुःखी माणूस मी पाहिला नाही.

आपलं लायसन चालतं का? त्या आंतरराष्ट्रीय परवान्याचं काय?

इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून नीट वाचा.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या वाहतूक खात्याच्या कार्यालयातूनच मिळतो. फॉर्म ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. अर्ज आपलं लायसन ज्या कार्यालयाच्या हद्दीत येतं तिथे. पासपोर्ट आणि प्रवासाचे कागद सोबत ठेवा. बाहेरच्या दलालांनी छापून दिलेली रंगीत पुस्तकं आणि कार्डं घेऊ नका. ती नुसती कागदाची रद्दी.

परवाना हातात आला की पहिल्यांदा 'ए' वर्गापुढे शिक्का आहे का ते बघा. 'ए' म्हणजे मोटारसायकल, 'बी' म्हणजे कार. ज्यांच्या भारतीय लायसनवर फक्त कारची नोंद आहे, त्यांना 'ए'चा शिक्का मिळत नाही, आणि मग तो परवाना दुचाकीसाठी निरुपयोगी. आपल्यात असे पुष्कळ आहेत जे कारच्या लायसनवर वर्षानुवर्षं स्कूटर चालवतात. इथे चालून जातं म्हणून तिथेही चालेल असं नाही.

आता खरी गोम. भारत हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली देतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. म्हणजे आपला अगदी खरा, शिक्क्याचा परवानासुद्धा तिथे तपासणीत कमी पडू शकतो. भाड्याने गाडी देणारा हे सांगणार नाही. त्याला गाडी द्यायची असते. ५० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना तिथे लायसन लागत नाही, तो एक मार्ग आहे. दुसरा मार्ग मागे बसायचा. थायलंडमध्ये १९४९ चा परवाना चालतो. श्रीलंकेत आपल्या परवान्यावर स्थानिक मान्यता घ्यावी लागते. नेपाळमध्ये भारतीय लायसन चालतं, ते एक बरं.

प्रवास विमा काढलाय. मग काळजी कसली?

पॉलिसीतलं दुचाकीबद्दलचं बारीक अक्षरातलं पान काढून वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये दोन अटी असतात: त्या देशात वैध ठरेल असं लायसन आणि डोक्यावर हेल्मेट. काहींमध्ये इंजिनाच्या सीसीची मर्यादाही असते. वरच्या प्रश्नाशी जोडून बघा, म्हणजे गणित लक्षात येईल. लायसन वैध नसेल तर दवाखान्याचं बिल तुमचं. बिल थोडंथोडकं नसतं.

कुठली गाडी भाड्याने घ्यावी?

बिनगिअरची स्कूटर, जिची आपल्याला अ‍ॅक्टिव्हामुळे सवय आहे. व्हिएतनाममध्ये होंडा वेव्हसारख्या अर्ध-स्वयंचलित गाड्या स्वस्त मिळतात: क्लच नाही, पण पायाने गिअर. स्प्लेंडरवाल्यांना लवकर जमतं, स्कूटरवाल्यांना चढावावर गोंधळ होतो. ट्राफिकमध्ये शिकायची वस्तू नव्हे ती.

घेताना टायर आणि दोन्ही ब्रेक बघा, आरसे दोन्ही आहेत का बघा, गाडीभोवती फिरून मालकासमोर व्हिडिओ काढा. मूळ पासपोर्ट गहाण ठेवू नका. रोख अनामत देतो म्हणा. एका ठिकाणी पासपोर्ट देऊन बसलेल्या आमच्या मित्राला परत घेताना आधीपासूनच्या ओरखड्याचे पैसे भरावे लागले. पासपोर्ट काउंटरच्या पलीकडे असला की वाद घालता येत नाही. हेल्मेटचा पट्टा लावून बघा. भाड्याच्या दुकानातलं हेल्मेट बऱ्याचदा टोपीच असते. मी माझं इथूनच नेतो, सामानात जागा जाते पण जाऊ दे.

आणि गाडीवरून उतरताना डावीकडूनच उतरा. सायलेन्सर उजवीकडे असतो. हाफ पँटीतल्या पर्यटकांच्या उजव्या पोटरीवर त्याचा गोल चट्टा जागोजाग दिसतो.

एखादी बिअर घेतली तर?

व्हिएतनाममध्ये २०२० पासून शून्य. आपल्याकडे कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मुभा आहे, तिथे तेवढीही नाही. रात्री उशिरा घेतलेली सकाळीसुद्धा पकडली जाते. थायलंडमध्ये मर्यादा ५० मिलिग्रॅम, पण मर्यादा गाठायला कुणी जाऊ नये. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांना हे सांगताना माझी जीभ जड होते, तरी सांगतो.

सिग्नल कुणी पाळत नाही ना तिथे?

हे जुनं झालं. व्हिएतनाममध्ये १ जानेवारी २०२५ पासून दंड इतके वाढले की लोकांच्या सवयीच बदलल्या. दुचाकीने लाल सिग्नल तोडला तर ४० ते ६० लाख डोंग, म्हणजे साधारण १३ ते २० हजार रुपये. आधी तो ८ ते १० लाख डोंग होता. आता लाल दिवा असला की रात्री अकरालाही लोक उभे असतात. लाल असताना उजवीकडे वळायचं तर तशी पाटी किंवा हिरवा बाण हवा. आधीच्या प्रवाशांनी सांगितलेलं "उजवीकडे चालतं" विसरा.

फुटपाथवरून जाणारे, उलटे येणारे स्थानिक लोक तुम्हाला अजूनही दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका. शिट्टी वाजली की ते गल्लीत गायब होतात आणि उभे राहता तुम्ही.

बाली तर सोपं असेल? डावीकडूनच आहे, देवळंही आहेत.

डावीकडूनच आहे म्हणूनच माणूस सैल पडतो. रस्ते अरुंद, भातशेताच्या बांधावरून काढलेले. चांग्गूजवळची ती प्रसिद्ध आडवाट दोन स्कूटरना जेमतेम पुरते आणि कार घुसली की कुणीतरी शेतात. रस्त्याच्या कडेला, चौकात केळीच्या नि माडाच्या पानांच्या छोट्या परड्या ठेवलेल्या असतात, त्यात फुलं, भात, उदबत्ती. तो नैवेद्य आहे. चाक घालू नका.

मिरवणूक आली की काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, रस्ता अडवतात. आपल्याला शिगम्यात अर्धा तास अडकायची सवय आहेच, इंजिन बंद करून मजा बघा. देवळात निघालेले लोक डोक्याला फडका बांधून बिनहेल्मेटचे जाताना दिसतात. ती सूट तुम्हाला नाही.

आणि तारीख बघून जा. न्येपी म्हणजे तिथल्या शक वर्षाचा पहिला दिवस, बहुधा आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी रस्त्यावर एकही गाडी नाही, माणूसही नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. हॉटेलच्या दारातून बाहेर पडता येत नाही. शांत बसायचं, आणि कुणाचं त्या दिवसाचं विमान असेल तर आधीच रडून घ्यायचं.

थायलंड?

त्यातल्या त्यात सोपं, म्हणून वेग जास्त, म्हणून अपघात जोरात. महामार्गावर वळायचं असेल तर पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो, तोही वेगवान लेनमधून. कडेच्या पट्टीने चालताना समोरून उलटी स्कूटर येईल असं धरूनच चाला. चियांग माईच्या जुन्या शहराभोवती खंदकाच्या आतला आणि बाहेरचा रस्ता एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी आहे. एकदा नकाशा बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे चार फेऱ्या माराल.

स्वतःची जीए-०५, म्हणजे फोंड्याच्या नंबरची, गाडी घेऊन नेपाळला जायचंय.

जाता येतं. सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, भरायचा, दिवसांच्या हिशेबाने, आणि कागद गाडीत ठेवायचे. मुदत संपायच्या आत बाहेर पडायचं किंवा वाढवून घ्यायची.

डोंगरातल्या रस्त्यावर ट्रकवाले आपल्या चोर्ला-अनमोडच्या ट्रकवाल्यांसारखेच उजवा इंडिकेटर देऊन "जा पुढे" सांगतात. ही भाषा भारत-नेपाळपुरतीच ठेवा. व्हिएतनाममध्ये ट्रकने इंडिकेटर दिला तर तो वळणार आहे. पुढे काढायला गेलात तर त्याच्या चाकाखाली.

घाटातून जावं का? उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'चे फोटो पाहिलेत.

फोटो खरे आहेत. मा पी लेंग खिंडीत मी गाडी बंद करून अर्धा तास बसलो होतो, खाली हिरवीगार नदी दोरीएवढी. पण तिथे मी मागच्या सीटवर होतो. त्या भागात परदेशी लोकांची लायसनं थांबवून तपासतात, आणि वर सांगितलेल्या कारणाने आपलं कमी पडतं. स्थानिक चालवणारा मिळतो, त्याच्या मागे बसायचं, तीन-चार दिवसांचा सौदा. पहिल्या दिवशी मला कमीपणा वाटला. दुसऱ्या दिवशी धुक्यात, एका बाजूला दरी, समोर सिमेंटचा ट्रक आणि रस्त्यावर म्हशी, तेव्हा तो माणूस हँडलवर होता याचं फार बरं वाटलं.

दा नांगजवळची हाय वान खिंड लहान आणि सोपी. तिच्या खालून बोगदा आहे, पण आपल्या अटल सेतूसारखाच दुचाकींना बंद. गाड्या ट्रकवर चढवून पलीकडे नेतात. खिंडीवरूनच जा, समुद्र दिसतो.

पाऊस आला तर?

गोव्याच्या माणसाने हे विचारावं! तरी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती फार आवडली. व्हिएतनाममधले लोक रेनकोट-पँट घालत नाहीत. एक मोठी प्लास्टिकची झूल डोक्यातून घालतात, ती पुढे हँडलवर आणि मागे सीटवर पसरते. काही झुलींना दोन डोकी असतात, चालवणाऱ्याचं एक आणि मागच्याचं एक. आणि पुढच्या बाजूला, बरोबर हेडलाइटच्या जागी, पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन शिवलेला असतो, म्हणजे झूल दिव्यावर पडली तरी उजेड बाहेर. मी दोन घेऊन आलो. जूनमध्ये फोंड्याच्या बाजारात घालून गेलो तर लोकांना वाटलं मांडव उडून आला.

झुलीचं टोक मागच्या चाकात जाणार नाही एवढं बघा. गुडघ्याखाली खोचून बसायचं.

मागे दोन मुलं बसवली तर? तिथले लोक तर पाच बसवतात.

नको.

अपघात झालाच तर?

इंजिन बंद, सगळे बाजूला, फोटो. व्हिएतनाममध्ये पोलिस ११३, रुग्णवाहिका ११५. थायलंडमध्ये रुग्णवाहिका १६६९ आणि पर्यटक पोलिस ११५५. विम्याच्या दाव्याला पोलिसांचा कागद लागतो, म्हणून "मिटवून टाकू" म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नका. चूक कुणाचीही असो, परदेशी माणसाकडे पैसे असणार असं सगळे धरून चालतात. आवाज मात्र चढवू नका. आपल्याकडे जो मोठ्याने बोलतो तो अर्धा जिंकतो. तिकडे ओरडणारा माणूस सगळ्यांच्या नजरेतून उतरतो, आणि मग मदतीला कुणी येत नाही.

एवढं सगळं असेल तर गाडी चालवायचीच कशाला?

चालवू नका, काही बिघडत नाही. हनोईत मोटारसायकल टॅक्सीला से ओम म्हणतात, म्हणजे शब्दशः "मिठीची गाडी", कारण मागे बसणारा पुढच्याला धरून बसतो. आता त्यातले बरेच ग्रॅब या टॅक्सी-अ‍ॅपचे हिरवे जाकीटवाले झालेत. बँकॉकमध्ये नारिंगी जाकिटं. आपल्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकल टॅक्सीच्या पायलटांवर वाढलेल्या माणसाला हे काही नवीन नाही. हेल्मेट तेच देतात, भाडं फोनवर आधी दिसतं, आणि तुमचे दोन्ही डोळे बघायला मोकळे. माझ्या आत्याने चार दिवसांत अकरा फेऱ्या केल्या. प्रत्येक चालकाला उतरताना "सावकाश जा रे बाबा" सांगायची, मराठीत. सगळे मान डोलवायचे.

परत आल्यावर इथे चालवताना गोंधळ होतो का?

दोन-तीन दिवस. मोपा विमानतळावर उतरून टॅक्सी केली, सामान डिकीत टाकलं आणि सवयीने पुढचं उजवं दार उघडलं. आत चालक बसलेला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे, आणि म्हणाला, "पात्रांव, तुम्ही चालवता काय? मी मागे बसतो."